आईच्या अंगातलं टेक्नेशियम

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं. (ताई परळच्या एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ होत्या. गेल्या अंकात त्यांनी स्कॅनबद्दल लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांतली ही निवडक.)

प्रश्न : ताई, माझ्या आईचं वय ७१. तिचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं आहे. हल्ली कंबर दुखते म्हणून डॉक्टरांनी बोन स्कॅन करायला सांगितला. परळला सकाळी हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं, तीन तास बसवून ठेवलं, भरपूर पाणी प्यायला लावलं आणि मग मशीनखाली झोपवलं. कागदावर ‘टेक्नेशियम-९९एम एमडीपी, २० मिलिक्युरी’ असं लिहिलंय. ‘आजचा दिवस लहान बाळाला जवळ घेऊ नका’ असंही बजावलं. घरी माझी दहा महिन्यांची मुलगी आहे. माझ्या भाच्याने मोबाइलवर बघून सांगितलं की टेक्नेशियमचं अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षं असतं. झालं! तेव्हापासून आईने आपली ताट-वाटी वेगळी काढली आहे आणि नातीला हात लावत नाही. आज चौथा दिवस. हे आता तिच्या अंगात कायमचं राहणार का? — मानसी, मुलुंड

उत्तर : मानसी, अंक निघेपर्यंत थांबणं बरं दिसेना, म्हणून तुला लगेच दोन ओळी पाठवल्या होत्या. इथे जरा ऐसपैस सांगते, कारण असंच पत्र आणखी तिघींचं आलंय.

आईंना म्हणावं, ताट-वाटी परत मांडणीवर जाऊ दे आणि नातीला घ्या कडेवर. हे खरं तर दुसऱ्या दिवशीच व्हायला हवं होतं.

भाच्याने आकडा बरोबर वाचला, पण दुसऱ्याचाच वाचला. अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी पदार्थातले निम्मे अणू फुटून संपायला लागणारा वेळ. २ लाख ११ हजार वर्षं हे टेक्नेशियम-९९चं अर्धायुष्य. आईंना दिलं ते ९९एम, आणि त्याचं अर्धायुष्य सहा तास. दोघांच्या अणुकेंद्रकात ४३ प्रोटॉन आणि ५६ न्यूट्रॉन; कण तेच, संख्या तीच. ९९एमच्या केंद्रकात थोडी ऊर्जा जास्तीची साठलेली असते एवढंच. ती ऊर्जा ते १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणाच्या रूपात टाकून देतं आणि मग साधं ९९ होऊन बसतं. आमच्या कॅमेऱ्याला दिसतो तो हा किरण. शरीरातून बाहेर पडण्याइतका तो जोरकस असतो आणि कॅमेऱ्याच्या स्फटिकात अडकण्याइतका मवाळ. तपासणीसाठी याहून सोयीचा किरण मागून मिळाला नसता.

आता हिशेब करू. २० मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ७४ कोटी विघटनं. ऐकूनच पोटात गोळा येतो ना? पण वजन काढलं तर ते भरतं साधारण चार नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करायचे आणि त्यातले चार घ्यायचे. सकाळी दहाला इंजेक्शन दिलं असेल तर दुपारी चारला त्यातलं निम्मं उरतं, रात्री दहाला पाव, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोळावा हिस्सा. चार दिवस पुरे झाले की पासष्ट हजारातला एक भाग, म्हणजे ७४ कोटींचे उरले सेकंदाला अकरा हजार. तेही लघवीवाटे काहीच गेलं नाही असं धरून. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास औषध पहिल्याच दिवशी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. पाणी प्या, पाणी प्या म्हणून आम्ही मागे लागतो ते त्यासाठीच. आणि हे लक्षात घे की तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या अंगात पोटॅशियम-४० असतं, डाळ-भात-बटाट्यातून आलेलं. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याची सेकंदाला चार हजारांवर विघटनं चालू असतात, जन्मभर. त्यासाठी कुणी ताट वेगळं करत नाही.

राहिलं ते दोन लाख वर्षांचं भूत. समजू की त्या चार नॅनोग्रॅममधले सगळेच्या सगळे अणू अंगातच राहिले आणि ९९ झाले. गणित मांडलं की उत्तर येतं सेकंदाला दोन ते तीन विघटनं. ७४ कोटींवरून दोन-तीन! अणू तेवढेच, फक्त त्यांना आता कसलीही घाई नाही. तेवढ्याच अणूंचं अर्धायुष्य जितकं लांब, तितका त्यांचा किरणोत्सर्ग संथ. लोकांच्या डोक्यात हे नेमकं उलटं बसलेलं असतं. ‘लाखो वर्षं’ म्हटलं की त्यांना ते जास्त जहाल वाटतं, आणि वर्तमानपत्रंही मथळ्यात तोच आकडा टाकतात.

ताट-वाटी वेगळी ठेवायची ती थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१चा मोठा डोस देतात तेव्हा. ते औषध उपचाराचं असतं, बीटा कण सोडतं, अर्धायुष्य आठ दिवसांचं आणि ते थुंकीतही उतरतं. परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६०च्या दशकापासून असे रुग्ण येत आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या घरचे नियम ऐकीव आईंपर्यंत पोचले असतील. तुमच्या बाबतीत पहिल्या दिवसापुरती काळजी घ्यायची होती: बाळाला तासन्‌तास मांडीवर घ्यायचं नाही, संडासात दोनदा फ्लश, हात स्वच्छ धुणं. संपलं. इंजेक्शन अंगावर दूध पाजणाऱ्या बाईला द्यायचं असेल तर मात्र आधी विभागात विचारायला हवं. तेव्हा वेगळ्या सूचना मिळतात.

शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. आईंचा एकूण डोस साधारण ४ मिलिसिव्हर्ट. जमीन, आकाश आणि अन्न मिळून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांचं एकदम मिळालं. उगाच हौस म्हणून करून घ्यायची ही तपासणी नाही, पण आईंच्या बाबतीत ती करणं रास्तच होतं.

रिपोर्ट येईल तेव्हा एक सांभाळ. एमडीपी हा फॉस्फेटच्या जातकुळीतला पदार्थ, जिथे हाड नव्याने घडत असतं तिथे जाऊन चिकटतो. कर्करोग हाडात उतरला असेल तर तिथे ठिपका येतो, पण जुनं फ्रॅक्चर, काढलेली दाढ, झिजलेला मणका यांचाही येतो. ७१व्या वर्षी गुडघे उजळून निघाले नाहीत तर मलाच आश्चर्य वाटेल. तेव्हा काळे ठिपके बघून घरी निदान करत बसू नका. आणि त्या आठवड्यात कुणी विमानाने जाणार असेल तर स्कॅनचा कागद पर्समध्ये असू द्यावा. विमानतळावरची किरणोत्सर्ग शोधणारी यंत्रं फार संवेदनशील असतात, दोन-तीन दिवसांनीही वाजतात. मुलुंडची लोकल बिनधास्त.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. पुस्तकात लिहिलंय की टेक्नेशियमचा शोध १९३७ साली इटलीत लागला. पण आजोबांच्या जुन्या पुस्तकातल्या आवर्तसारणीत ४३व्या घरात ‘मसुरियम’ आहे. मग आधी कुणी शोधलं? — ओंकार, भांडुप

उत्तर : आजोबांचं पुस्तक जपून ठेव. असं पान आता बघायला मिळत नाही.

मेंडेलीव्हने मँगनीजच्या खालचं घर रिकामं सोडलं आणि इथे बसणारं मूलद्रव्य मँगनीजसारखं असेल, अणुभार शंभराच्या आसपास असेल असा अंदाज बांधला. त्याने नावही दिलं होतं, एका-मँगनीज. मग त्या घरावर हक्क सांगणाऱ्यांची रांग लागली. १८७७ साली रशियातल्या सर्ज कर्नने ‘डेव्हियम’ आणलं, ते निघालं इतर धातूंचं मिश्रण. १९०८ साली जपानच्या मासाताका ओगावाने ‘निप्पोनियम’ जाहीर केलं. बिचाऱ्याच्या हाती बहुधा खरंच नवं मूलद्रव्य लागलं होतं, पण ते ४३ नव्हे, त्याच्या खालचं ७५, म्हणजे आजचं ऱ्हेनियम. १९१३-१४मध्ये मोझलीने क्ष-किरणांवरून अणुक्रमांक मोजायची रीत घालून दिली, तेव्हा ४३ खरोखरच रिकामं आहे हे पक्कं झालं.

१९२५ साली बर्लिनमध्ये वॉल्टर नोडॅक, ईडा टाके आणि ओट्टो बर्ग यांनी एकाच दमात दोन मूलद्रव्यं जाहीर केली: ७५वं ऱ्हेनियम आणि ४३वं मसुरियम. ऱ्हेनियम टिकलं, ते त्यांचंच आहे. मसुरियमच्या क्ष-किरण रेषा मात्र पुन्हा कुणाला दाखवता आल्या नाहीत. तरी नाव तक्त्यांत शिरलं ते शिरलं. छापखान्यातून बाहेर पडलेली चूक लवकर मरत नाही.

आता पालेर्मो. एमिलिओ सेग्रे हा रोमच्या एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटातला तरुण. १९३६ साली त्याला सिसिलीतल्या पालेर्मो विद्यापीठात भौतिकशास्त्राची खुर्ची मिळाली. तिथे यंत्रसामग्रीच्या नावाने शंख. त्याच उन्हाळ्यात तो अमेरिकेत बर्कलीला जाऊन अर्नेस्ट लॉरेन्सचा सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, बघून आला. कणांचा झोत वळवण्यासाठी त्या यंत्रात मॉलिब्डेनमची पट्टी लावलेली होती आणि तिच्यावर महिनोन्‌महिने ड्यूटेरॉन (जड हायड्रोजनची केंद्रकं) आदळत होते. मॉलिब्डेनम ४२वं, ड्यूटेरॉनमध्ये एक प्रोटॉन. बेरीज कर! लॉरेन्सच्या लेखी ती वापरून झालेली पट्टी भंगारात जमा होती. त्याने १९३७च्या फेब्रुवारीत ती पाकिटात घालून सेग्रेला टपालाने पाठवली. किरणोत्सारी धातू साध्या टपालाने! आज आमच्या विभागातून रिकामी कुपी बाहेर काढायची तरी नोंदवहीत सही लागते.

पुढचं काम रसायनशास्त्राचं, आणि त्याचं श्रेय वाटताना लोक कार्लो पेरिएला विसरतात, ते मला पटत नाही. तो खनिजशास्त्राचा प्राध्यापक. पट्टीतला किरणोत्सर्ग कशातून येतोय हे शोधायला दोघांनी एकेक शेजारी बाजूला काढला: हा झिर्कोनियम नाही, नायोबियम नाही, मॉलिब्डेनम तर नाहीच. जे उरलं ते रासायनिक वागणुकीत मँगनीजपेक्षा ऱ्हेनियमच्या जास्त जवळचं होतं. डोळ्यांना दिसण्याइतकं, काट्यावर पडण्याइतकं ते नव्हतंच. फक्त मोजणी-यंत्राला कळत होतं. त्यात ९५ आणि ९७ वस्तुमानांकांचे (वस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज) समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याची कमी-जास्त न्यूट्रॉनची रूपं, होते. माणसाने कृत्रिमरीत्या मिळवलेलं हे पहिलं मूलद्रव्य. विद्यापीठाची इच्छा होती की पालेर्मोच्या जुन्या नावावरून ‘पॅनॉर्मियम’ म्हणावं. दोघांनी घाई केली नाही. टेक्नेशियम हे नाव दिलं १९४७ साली, महायुद्ध उरकल्यावर. तोपर्यंत आजोबांच्या पुस्तकाची छपाई झाली असणार.

मधल्या काळात सेग्रेवर काय गुदरलं तेही ऐक. १९३८च्या उन्हाळ्यात तो पुन्हा बर्कलीत असताना मुसोलिनीने ज्यूंना विद्यापीठांतून काढणारे कायदे आणले. सेग्रे ज्यू. पालेर्मोची नोकरी गेली, परतीची वाट बंद. हा आता कुठे जाऊ शकत नाही हे कळल्यावर लॉरेन्सने त्याचा पगार महिना ३०० डॉलरवरून ११६वर आणला. मोठा शास्त्रज्ञ खरा, पण हे वागणं मला आजही डाचतं. आणि त्याच वर्षी, त्याच बर्कलीत, सेग्रे आणि ग्लेन सीबोर्ग यांना मिळालं ९९एम, मानसीच्या आईंना टोचलं ते. सेग्रेला पुढे १९५९ साली नोबेल मिळालं ते अँटिप्रोटॉनसाठी, टेक्नेशियमसाठी नव्हे.

ईडा टाके लग्नानंतर ईडा नोडॅक झाली. १९३४ साली फर्मीचा गट युरेनियमवर न्यूट्रॉन मारून ‘९३वं मूलद्रव्य मिळालं’ म्हणत होता. तेव्हा हिने लिहिलं की कशावरून युरेनियमचं केंद्रक फुटून मोठे तुकडे होत नसतील? कुणी मनावर घेतलं नाही. मसुरियममुळे तिचा शब्द हलका झाला होता हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. फर्मीच्या त्या गटात सेग्रेही होता. १९३८च्या डिसेंबरात हान आणि स्ट्रासमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की केंद्रक फुटतं. आणि आज जगातलं बहुतेक वैद्यकीय टेक्नेशियम कुठून येतं? फुटलेल्या युरेनियमच्या तुकड्यांतून.

प्रश्न : मी आठवीत आहे. मॉलिब्डेनम (४२) आणि रुथेनियम (४४) स्थिर आहेत, मग मधल्या ४३नेच काय घोडं मारलंय? — सई, विलेपार्ले

उत्तर : शेजाऱ्यांनी सगळ्या जागा अडवून ठेवल्यात, सई. प्रोटॉनची संख्या विषम असली की केंद्रकाला एकूण वस्तुमानांकही विषमच लागतो, सम जवळजवळ कधीच चालत नाही. म्हणजे ४३ला उभं राहायला जागा ९५, ९७, ९९, १०१ अशा. दुसरा नियम ऑस्ट्रियाच्या योसेफ माताउखने १९३४ साली मांडला: लागून असलेल्या दोन मूलद्रव्यांना एकच वस्तुमानांक असेल तर दोघंही स्थिर राहू शकत नाहीत. ९५ आणि ९७ स्थिर रूपात मॉलिब्डेनमकडे, ९९ आणि १०१ रुथेनियमकडे. ४३च्या वाट्याला काही उरतच नाही. बिस्मथच्या आधीच्या मूलद्रव्यांत अशी गत आणखी एकाचीच आहे, ६१व्या प्रोमेथियमची.

सगळ्यात जास्त टिकणाऱ्या समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे ४२ लाख वर्षं. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी. सुरुवातीला असलेलं सगळं कधीच संपलं. युरेनियमच्या खनिजात आपोआप फुटणाऱ्या अणूंतून चिमूटभरही नाही इतकं नवं तयार होत राहतं: १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काँगोच्या पिचब्लेंडमध्ये किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम सापडलं होतं. आणि १९५२ साली खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिलला ते चक्क काही लाल ताऱ्यांच्या प्रकाशात दिसलं. तारे त्याहून कितीतरी म्हातारे, म्हणजे टेक्नेशियम तिथे आत्ता तयार होत असणार! तारे स्वतःच्या पोटात जड मूलद्रव्यं घडवतात याचा तो रोखठोक पुरावा. तुमच्या वर्गात कुणी ‘४३ निसर्गात नाही’ म्हटलं तर हे दोन्ही सांग.

प्रश्न : हृदयाच्या स्कॅनसाठी मला सोमवारी उपाशीपोटी बोलावलं आणि ‘माल आला नाही’ म्हणून गुरुवारची तारीख दिली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. पण एवढं रोज लागणारं औषध हे लोक स्टॉक करून का ठेवत नाहीत? आम्ही काय रिकामटेकडे? — दत्ताराम, लालबाग

उत्तर : दत्तारामभाऊ, तुमचा राग रास्त आहे. फोन करून आधी कळवायला काय जात होतं? पण स्टॉकचं म्हणाल तर ते जमणारं नाही. तयार डोस तासाला अकरा टक्के या हिशेबाने संपतो. आज कपाटात ठेवा, उद्या सोळावा हिस्सा, परवा कपाट रिकामं म्हणा.

म्हणून रुग्णालयात टेक्नेशियम येत नाही, त्याचा बाप येतो: मॉलिब्डेनम-९९. त्याचं अर्धायुष्य ६६ तास. ते क्षय पावताना टेक्नेशियम-९९एम बनत राहतं. शिशाच्या जाड डब्यात अॅल्युमिनाची (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या भुकटीची) बारीक नळी असते, तिच्यावर मॉलिब्डेनम घट्ट धरलेलं. वरून सलाइन सोडलं की टेक्नेशियम तेवढं सुटून खाली येतं, मॉलिब्डेनम जागचं हलत नाही. दिवसभरात पुन्हा भरतं, उद्या पुन्हा काढायचं. या डब्याला आमच्यात सगळे ‘काऊ’ म्हणतात आणि काढण्याला ‘मिल्किंग’. आठवडाभरात गाय आटते, मग नवी.

ही युक्ती अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांना १९५०च्या दशकाच्या शेवटी सुचली, तीही आयोडीनचा जनरेटर बनवताना त्यात टेक्नेशियमची भेसळ कुठून येते ते शोधता शोधता. पेटंट घ्यावं असं प्रयोगशाळेला वाटत होतं. अणुऊर्जा आयोगाने कळवलं की याला बाजार दिसत नाही. पॉवेल रिचर्ड्स नावाच्या सहकाऱ्याने मात्र चिकाटी सोडली नाही. १९६० साली रोमला जाताना विमानात त्याला शिकागोचे डॉक्टर पॉल हार्पर भेटले, आणि प्रवासभर त्याने त्यांना टेक्नेशियमचेच गुण ऐकवले. आज जगात दरवर्षी याचे काही कोटी स्कॅन होतात. बाजार दिसत नाही म्हणे!

मुंबईत आमची सुरुवात जरा वेगळी होती. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत साधं मॉलिब्डेनम ठेवून ते किरणोत्सारी करतात. त्यात कामाचे अणू थोडे आणि निकामी धातू जास्त, मग छोट्या नळीवर ते मावणार कसं? त्यासाठी एमईके, म्हणजे मिथिल इथिल कीटोन. मॉलिब्डेनमच्या अल्कधर्मी द्रावणात ते घालून घुसळायचं, दोन थर वेगळे होईपर्यंत थांबायचं. टेक्नेशियम वरच्या थरात चढतं. तो थर अलगद ओढून घ्यायचा, अॅल्युमिनातून गाळायचा, कीटोन उडवून टाकायचं आणि भांड्याच्या तळाला डोळ्यांना काहीही दिसत नसताना त्यात सलाइन घालायचं. शिशाच्या विटांआड, हात लांब करून, छातीवर किरणोत्सर्गाची नोंद ठेवणारा टीएलडी बॅज लावून हे सगळं सकाळी लवकर, पेशंट यायच्या आत. एमईकेचा तो गोडसर उग्र दर्प दुपारपर्यंत पदराला यायचा. हातात येतं ते पाण्यासारखं स्वच्छ, पण मीटरच्या विहिरीत कुपी सोडली की काटा सांगतो. मग मॉलिब्डेनम झिरपलंय का ते तपासायचं, अॅल्युमिनियम उतरलंय का ते कागदी पट्टीने बघायचं, आणि पास झालं तरच पुढे. हाडासाठी एमडीपीच्या किटमध्ये, हृदयासाठी सेस्टामिबीच्या, मूत्रपिंडासाठी डीटीपीएच्या. किटमधलं कथिलाचं क्षार टेक्नेशियमला +७ अवस्थेतून खाली ओढतं, तेव्हा कुठे ते त्या त्या रेणूला धरून बसतं. एकच धातू इतक्या अवयवांना चालतो तो या बहुरंगी रसायनामुळे.

ही साखळी कुठेही तुटू शकते. वाशीच्या ब्रिटमधून, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या समस्थानिक मंडळाकडून, निघालेली गाडी जुलैत हिंदमाताच्या पाण्यात अडकली की आम्ही खिडकीत उभ्या. जगाचंही तसंच, बहुतेक मॉलिब्डेनम मोजक्या म्हाताऱ्या अणुभट्ट्यांत बनतं. २००९च्या मे महिन्यात कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या एनआरयू भट्टीतून जड पाणी गळायला लागलं आणि ती वर्षाहून जास्त बंद राहिली. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधली पेटेनची भट्टीही काही महिने दुरुस्तीला. देशोदेशीच्या रुग्णालयांत तेव्हा तुमच्यासारखीच माणसं उपाशीपोटी परत गेली. एनआरयू २०१८च्या मार्चअखेर कायमची बंद झाली.

गुरुवारी जाण्याआधी मात्र तुम्हीच फोन करून ‘माल’ आलाय का विचारा. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवायला सांगितलं असेल तर खरंच ठेवा. नाहीतर माल येऊनही तुमचा स्ट्रेस स्कॅन पुढे जाईल.

प्रश्न : टेक्नेशियम लोखंडाला गंज चढू देत नाही असं वाचलं. आमच्या खिडकीच्या ग्रिल खाऱ्या वाऱ्याने दर दोन वर्षांनी सडतात. मिळतं का कुठे? — एक त्रस्त गृहस्थ, वर्सोवा

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. पाण्यात पोटॅशियम परटेक्नेटेट हे टेक्नेशियमचं क्षार दहा लाख भागांत ५५ भाग इतकं असलं तरी साधं पोलाद २५० अंश सेल्सिअसपर्यंत गंजत नाही. धातू म्हणूनही तो दणकट: रुपेरी करडा, घनता शिशाच्या जवळ, वितळायला २१५७ अंश लागतात. पण हे गंजरोधन बंदिस्त नळ्यांपुरतं, आणि तिथेही कुणी वापरत नाही, कारण त्यासाठी लागतं ते दीर्घायुषी ९९. मानसीला मी ज्याची भीती बाळगू नको म्हटलं तेच. चार नॅनोग्रॅम आणि टनभर यांत फरक आहे ना. अणुइंधनाच्या राखेत ते टनांनी साठतं आणि पाण्याबरोबर सहज वाहतं. ब्रिटनच्या सेलाफील्ड या अणुइंधन प्रक्रिया केंद्रातून आयरिश समुद्रात सोडलेलं टेक्नेशियम तिथल्या लॉबस्टरमध्ये सापडलं होतं, आणि समुद्रापलीकडच्या नॉर्वेने त्यावरून बरीच वर्षं भांडण काढलं.

वर्सोव्याच्या कोळणींनी तुमच्या ग्रिलवरून तसंच केलेलं मला बघायचं नाही. जुना रंग पॉलिश पेपरने नीट घासून काढा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, वर ऑइल पेंट. आणि सगळं पावसाळ्याआधी.